चौदा सामने आणि एक अर्ज

पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन स्कूलचा फुटबॉल संघ १९१२ साली २१ सप्टेंबरपासून २८ नोव्हेंबरपर्यंत चौदा सामने खेळला. त्यातले बारा जिंकले, एक बरोबरीत सुटला, एक हरला. संघाच्या नावे ५०४ गुण जमा झाले. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात या हंगामाला मानाचे स्थान आहे, पण तो सांगायला बसले की बहुतेक जण एकाच सामन्यापाशी थांबतात : ९ नोव्हेंबर, वेस्ट पॉइंट, कार्लाइल २७, आर्मी ६. ज्या समाजांना अमेरिकन सैन्याने त्यांच्या भूमीवरून हुसकावले, त्या समाजांच्या मुलांनी त्याच सैन्याच्या भावी अधिकाऱ्यांना त्यांच्याच मैदानावर धूळ चारली. समोरच्या संघात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला ड्वाइट आयसेनहॉवर खेळत होता. एवढ्या ऐवजावर दंतकथा उभी राहणारच. माझी तक्रार दंतकथेबद्दल नाही, तिच्या अपुरेपणाबद्दल आहे. सामन्यांच्या तारखा, तिकिटांचा पैसा, १९१३ मध्ये काढून घेतलेली पदके आणि १९१४ च्या सुरुवातीला वॉशिंग्टनला पोहोचलेला विद्यार्थ्यांचा अर्ज हे सगळे एकत्र वाचल्याशिवाय तो हंगाम कळत नाही. एकत्र वाचले की दिसते ते असे : खेळ मुलांचा होता, कष्ट मुलांचे होते, आणि पैशाला न शिवण्याची अट तेवढी मुलांना लावून त्या कष्टांचे मोल शाळेने आणि प्रशिक्षकाने वसूल केले.

आधी खेळाबद्दल दोन शब्द. हे फुटबॉल आपल्या मैदानांवर दिसते ते नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचे, समोरच्याने अंगावर झेप घेऊन पाडायचे, ठरावीक प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, असा तो धसमुसळा खेळ. १९०५ च्या एका हंगामात या खेळाने देशभरात डझनाहून अधिक तरुणांचा जीव घेतला. त्याच हंगामात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले होते. १९०६ पासून चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली. १९१२ साली दहा यार्डांसाठी तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले, टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्या टोकाच्या रेषेपार नेण्याचे, पाचऐवजी सहा गुण झाले आणि लांब फेकीवरची वीस यार्डांची मर्यादा गेली. ताकदीच्या रेटारेटीतून खेळ वेगाकडे वळत होता. वजनाने हलक्या पण चपळ संघाला हे बदल मानवणारे होते, आणि कार्लाइलचा संघ नेमका तसाच होता.

कार्लाइल हे तसे कॉलेजही नव्हते. रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ साली एका रिकाम्या छावणीत काढलेली ती सरकारी निवासी शाळा. मुलांमधला आदिवासी संपवला तरच माणूस वाचेल, हे प्रॅटचे उघड धोरण होते आणि शाळेची सारी घडी त्यावर बसवलेली होती. मुले आली की त्यांचे केस कापले जात, नावे बदलली जात, मातृभाषेत बोलल्यास शिक्षा होई. बिगुलावर उठायचे, गणवेशात कवायत करायची, अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस सुतारकाम, लोहारकाम, शिवण, धुलाई. उन्हाळ्यात मुलांना घरी पाठवण्याऐवजी आसपासच्या गोऱ्या कुटुंबांकडे कामाला धाडत. आजाराने अनेक मुले तिथेच गेली. शाळेच्या आवारातल्या दफनभूमीत पावणेदोनशेहून अधिक थडगी होती. अशा शाळेने हार्वर्ड, सिराक्यूज, पिट्सबर्ग, ब्राउन यांच्या संघांना हरवावे, हे नवल होतेच. पण त्या नवलाचे श्रेय शाळेला देण्यापूर्वी फुटबॉल तिथे आले कसे, हे पाहायला हवे.

प्रॅटने स्वतःच लिहून ठेवले आहे की डिकिन्सन कॉलेजशी झालेल्या सामन्यात एका मुलाचा पाय मोडला आणि त्याने बाहेरच्या संघांशी खेळणे बंद केले. मग चाळीसेक मुले त्याच्या कचेरीत आली आणि त्यांनी खेळ पुन्हा सुरू करण्याची रदबदली केली. म्हणजे हा खेळ शाळेने मुलांवर लादलेला नव्हता, मुलांनी तो भांडून मिळवला. कार्लाइलमध्ये मुलांनी भांडून मिळवलेल्या गोष्टी फार नव्हत्या, म्हणून ही नोंद मला मोलाची वाटते. प्रॅटने परवानगी दिली ती दोन अटींवर. समोरच्याने ठोसा मारला तरी उलट मारायचे नाही, कारण मारलात तर पाहणारे म्हणतील, बघा, रानटी ते रानटीच. आणि दुसरी अट, काही वर्षांत देशातल्या सर्वोत्तम संघाला हरवून दाखवायचे. पहिली अट जरा थांबून वाचावी. नियम दोन्ही संघांना सारखे, पण नियमांपलीकडची सभ्यता एकाच संघाने सिद्ध करायची. पुढच्या वीस वर्षांत कार्लाइलच्या मुलांच्या वाट्याला जे आले त्याचे बी या अटीत आहे.

आता १९१२ चे वेळापत्रक पाहू, कारण या प्रकरणातला सर्वांत बोलका कागद तोच आहे. २१ सप्टेंबरला ऑल्ब्राइट, २५ ला लेबनन व्हॅली, २८ ला डिकिन्सन, २ ऑक्टोबरला व्हिलानोव्हा, ५ ला वॉशिंग्टन अँड जेफरसन. पंधरवड्यात पाच सामने. सुरुवातीचे सामने कार्लाइलमध्ये किंवा आसपास झाले. त्यानंतर संघ जवळजवळ पूर्ण हंगामभर आगगाडीतच राहिला. सिराक्यूज, पिट्सबर्ग, मग २६ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउनशी ३४-२० असा सामना, आणि मध्ये फक्त एक दिवस सोडून २८ ला थेट कॅनडात टोरांटोच्या संघाशी ४९-७. पाच दिवसांनी लीहाय, त्यानंतर आठवड्याने वेस्ट पॉइंट, पुढच्या शनिवारी फिलाडेल्फिया, मग मॅसॅच्युसेट्समधले स्प्रिंगफील्ड आणि शेवटी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्रॉव्हिडन्सला ब्राउन. मोठी कॉलेजे प्रतिस्पर्ध्यांना आपल्या मैदानावर बोलावत. कार्लाइल मात्र कायम पाहुणा. मोठी प्रेक्षागारे त्या शहरांत होती, तिकिटे तिथे खपत, आणि पाहुण्या संघाला त्यातला वाटा किंवा ठरलेली रक्कम मिळे. ‘इंडियन’ संघ येणार म्हटले की गर्दी होई, हे आयोजकांना पक्के ठाऊक होते. टोरांटोचा दोन दिवसांत उरकलेला दौरा अभ्यासासाठी किंवा मुलांच्या प्रकृतीसाठी आखलेला असूच शकत नाही.

हा पैसा शाळेच्या क्रीडानिधीत जाई. त्या निधीवर सरकारी हिशेबतपासणीचा अंकुश नव्हता. त्याची सूत्रे मुख्यतः प्रशिक्षक ग्लेन ‘पॉप’ वॉर्नर याच्या हाती होती. निधीतून इमारती उभ्या राहिल्या, शाळेचे कलाभवन त्याच पैशातून बांधले गेले. १९०८ पर्यंत खेळाडूंना त्यातून रोख रकमाही दिल्या जात. नंतर रोख बंद झाली, आणि सूट, ओव्हरकोट, वेगळे राहण्याचे ठिकाण, इतर विद्यार्थ्यांपेक्षा बरे जेवण अशा रूपाने मोबदला चालू राहिला. ज्या शाळेत बाकीची मुले अन्न पुरत नाही म्हणून कुरकुरत होती, तिथे बरे जेवण ही मोठीच गोष्ट होती. शाळा आपल्या खेळाडूंना मोबदला देत होती, हे शाळेला माहीत होते, प्रशिक्षकाला माहीत होते. ही बाब ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

आणि तरीही वेस्ट पॉइंटचा सामना निव्वळ खेळ म्हणून पाहिला पाहिजे. तसे न पाहणे हाही त्या मुलांवर अन्यायच. आर्मीची फळी वजनदार होती आणि पहिले टचडाउन तिनेच केले. कार्लाइलने बरोबरी साधून मध्यंतराला ७-६ अशी निसटती आघाडी घेतली. वॉर्नरने त्या दिवशी एक नवी रचना मैदानात उतरवली होती. मागचे दोन धावपटू फळीच्या दोन्ही टोकांजवळ बाहेरच्या बाजूला उभे केलेले, त्यामुळे चेंडू कोणाकडे जाणार आणि कोणत्या बाजूने सुटणार हे समोरच्याला उमगेपर्यंत धाव सुरू झालेली असे. जिम थॉर्प हा सर्वांत धोकादायक धावपटू आहे हे आर्मीला ठाऊक होते आणि त्याच्यावर दोघे-तिघे तुटून पडत होते. हेच कार्लाइलने हेरले. आर्मीचे लक्ष थॉर्पवर खिळलेले असताना अ‍ॅलेक्स अर्कासा दुसऱ्या बाजूने निसटत राहिला आणि त्या सामन्यातली बहुतेक टचडाउन त्याने केली. चाली पुकारत होता तो क्वार्टरबॅक गस वेल्च. उत्तरार्धात आर्मीला एकही गुण मिळाला नाही. दोन्ही बाजूंनी हात चालले. आर्मीचा कप्तान लेलँड डेव्होर याला कार्लाइलच्या जो गायॉनवर हल्ला केल्याबद्दल मैदानाबाहेर काढावे लागले. आयसेनहॉवर थॉर्पला अडवायला धावला आणि आपल्याच सहकाऱ्यावर आदळला. हा विजय अंगबळावर नव्हे, निरीक्षणावर आणि शिस्तीवर मिळवलेला होता. आदिवासी मुले जन्मजात पळतात, विचार गोरा प्रशिक्षक करतो, असे तेव्हाची वर्तमानपत्रे सुचवत. वेल्च आणि अर्कासा यांनी त्या दुपारी जे केले त्यापुढे ते टिकत नाही.

पुढच्याच शनिवारी हा संघ पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून ३४-२६ असा हरला. हंगामातला तो एकमेव पराभव. दंतकथेला तो गैरसोयीचा वाटतो, म्हणून ती वेस्ट पॉइंटलाच आवरते घेते. पण फिलाडेल्फियाला उतरलेला संघ आठ आठवड्यांतला बारावा सामना खेळत होता, आणि त्यानंतरच्या बारा दिवसांत आणखी दोन खेळायचे होते. ते दोन्ही त्याने जिंकले. स्प्रिंगफील्डला ३०-२४ असे झुंजून, ब्राउनला ३२-० असे सहज. ब्राउनविरुद्धचा सामना थॉर्पचा कार्लाइलसाठी शेवटचा ठरला.

थॉर्प सॅक अँड फॉक्स जमातीचा. त्या वर्षी जुलैत स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धांची सुवर्णपदके जिंकली होती. त्याच ऑलिंपिकमध्ये कार्लाइलचाच लुईस टेवानिमा दहा हजार मीटरच्या शर्यतीत दुसरा आला. होपी जमातीचा हा तरुण १९०७ साली सरकारने गावाहून जबरदस्तीने कार्लाइलला पाठवलेल्यांपैकी होता. दोघांची मिरवणूक निघाली, राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी अभिनंदन केले, शाळेने आपल्या पद्धतीचा पुरावा म्हणून थॉर्पला पुढे केले. मग जानेवारी १९१३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका वर्तमानपत्राने छापले की थॉर्प १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलिनातल्या छोट्या संघांकडून पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. पैसे किरकोळ होते. कॉलेजांतली कितीतरी मुले उन्हाळ्यात असेच खेळत, फक्त टोपणनावाने. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला आणि तिथल्या वर्तमानपत्रांत ते नाव छापून येत होते. वॉर्नर आणि शाळेचे अधीक्षक मोझेस फ्रीडमन यांनी कानावर हात ठेवले. थॉर्पच्या सहीचे एक पत्र अमेरिकेच्या हौशी क्रीडासंघटनेला गेले; आपण नियम न कळणारा साधा आदिवासी विद्यार्थी होतो, असा त्याचा सूर होता. त्याच्या अनेक चरित्रकारांच्या मते ते पत्र वॉर्नर किंवा फ्रीडमन यांनी सांगितल्यावरून लिहिलेले होते. पदके गेली, विक्रम पुसले गेले. ऑलिंपिकच्या नियमांनुसार हरकत घ्यायची ती स्पर्धा संपल्यापासून तीस दिवसांत घ्यायला हवी होती. इथे सहा महिने उलटले होते. तो नियम कोणी काढला नाही.

इथे प्रामाणिक हरकत येते ती अशी : नियम तो नियम. थॉर्पने पैसे घेतले होते, हौशी खेळाडू राहण्याची अट मोडली होती, आणि सहानुभूती वाटते म्हणून नियम वाकवता येत नाही. ही हरकत मी हलकी मानत नाही. खेळ नियमांवरच उभा असतो. पण मग नियम सगळेच लावा. तीस दिवसांची मुदत हाही नियमच होता. खेळाडूंना क्रीडानिधीतून पैसे देणारी शाळा त्याच नियमात बसत नव्हती, तिला कोणी अपात्र ठरवले नाही. त्या निधीवर ज्याची सत्ता होती आणि ज्याचा चरितार्थ याच खेळावर चालत होता, तो प्रशिक्षक प्रतिष्ठित राहिला. पैशाचा स्पर्श कोणाला चालतो आणि कोणाला नाही, हे कमाईच्या उलट्या प्रमाणात ठरत होते : सर्वांत कमी मिळाले त्याला सर्वांत कडक शिक्षा. प्रॅटच्या कचेरीतल्या पहिल्या अटीचेच हे पुढचे रूप आहे. हौशीपणाचा नियम मुळात ज्यांना खेळातून कमावण्याची गरज नव्हती अशा सुखवस्तू वर्गाने घडवला. सुट्टीत घरी जायला मिळत नाही आणि पोटासाठी परक्यांच्या शेतावर राबावे लागते, अशा मुलाला बेसबॉल खेळून चार पैसे मिळाले तर त्यात पाप कसले, हा प्रश्न तो नियम विचारूच शकत नव्हता.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे आणि इतिहासाची चाड असलेले लोकच ती घेतात : आजच्या फूटपट्टीने १९१२ मोजू नका. त्या काळी असेच चाले, मुलांनाही त्यात काही गैर वाटत नव्हते. याला उत्तर देताना आजचे एकही मत उसने घेण्याची गरज नाही. त्या मुलांनीच उत्तर दिले आहे. संघाचा क्वार्टरबॅक गस वेल्च याने हंगाम संपून सव्वा वर्षही झाले नव्हते तेव्हा शाळेच्या कारभाराची चौकशी व्हावी असा अर्ज पुढे नेला, आणि त्यावर दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या सह्या होत्या. काँग्रेसच्या संयुक्त आयोगाने, आर्कान्सासचे सिनेटर जो रॉबिन्सन यांच्या अध्यक्षतेखाली, फेब्रुवारी १९१४ मध्ये कार्लाइलला येऊन साक्षी नोंदवल्या. अपुरे अन्न, मारहाण, क्रीडानिधीचा कारभार, वॉर्नरची शिवीगाळ, सगळे कागदावर आले. वेल्चने साक्षीत सांगितले ते थोडक्यात असे की, वॉर्नर फुटबॉलचा प्रशिक्षक म्हणून चांगला आहे, पण त्याला तत्त्व नाही. ज्या मुलाने वॉर्नरच्या चाली वेस्ट पॉइंटला पुकारल्या, त्याचे हे शब्द आहेत. त्यात सूडाचा सूर नाही. खेळातले श्रेय तो देतो आणि मग उरलेला हिशेब मांडतो. इतका तोलून केलेला न्याय त्या साऱ्या प्रकरणात दुसऱ्या कोणी केला नाही.

चौकशीनंतर फ्रीडमनला जावे लागले. वॉर्नर १९१४ चा हंगाम संपवून पिट्सबर्ग विद्यापीठात गेला आणि तिथे आणखी नाव कमावून बसला. अमेरिकेतल्या लहान मुलांच्या सर्वांत मोठ्या फुटबॉल संस्थेला आजही त्याचे नाव आहे. कार्लाइलचा संघ ढासळला आणि १९१८ साली शाळाच बंद झाली. ज्या देशासाठी थॉर्प आणि टेवानिमा धावले, त्याने सर्व मूळ अमेरिकनांना नागरिकत्व देणारा कायदा केला तो १९२४ साली.

वॉर्नर नसता तर हा हंगाम झाला असता का, असेही विचारले जाते. बहुधा नसता. त्याची कल्पकता खरी होती आणि खेळावर त्याचा ठसा अजून आहे. पण कार्लाइलच्या मुलांना घेऊनच त्याला ती कल्पकता आजमावता आली, हे तितकेच खरे. १९०७ साली याच शाळेच्या संघाने नव्या पुढच्या फेकीचा असा वापर केला की पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला २६-६ असे हरवले. मोठी कॉलेजे तेव्हा जुन्या रेटारेटीलाच चिकटून होती. प्रयोग करण्याची तयारी, अपयश पचवून पुन्हा करून पाहण्याची चिकाटी मैदानावरच्यांची होती. ऊस गोड लागला म्हणून गुऱ्हाळवाल्याचे कौतुक करावे, पण शेतकऱ्याचे नाव विसरू नये. शिवाय चांगला प्रशिक्षक असणे आणि संकटात आपल्या खेळाडूला एकटे सोडणे या दोन गोष्टी एकाच माणसाने केल्या, तर पहिलीमुळे दुसरी पुसली जात नाही.

काही मूळ अमेरिकन वंशजांकडून येणारी हरकत मला सर्वांत जवळची वाटते : शोषणाचाच पाढा वाचत राहिलात तर त्या मुलांचा आनंद आणि अभिमान तुम्ही हिरावून घेता. त्यांना खेळायला आवडत होते. १९११ साली हार्वर्डला १८-१५ असे हरवल्यावर संघाने काढलेल्या छायाचित्रात मध्यभागी चेंडू आहे, त्यावर रंगवले आहे : १९११, इंडियन्स १८, हार्वर्ड १५. शाळेचे नाव त्यावर नाही. आपण कोण म्हणून जिंकलो हे त्या मुलांनी लिहून ठेवले, आणि तेही अशा शाळेत, जिचा सारा खटाटोप ते विसरायला लावण्यासाठी होता. हा अभिमान मला पूर्ण मान्य आहे. माझा सगळा युक्तिवाद त्याच्याच बाजूचा आहे. तो अभिमान त्यांचा असेल, तर हंगामही त्यांचा आहे, शाळेच्या यशाचा दाखला म्हणून तो कोणी वापरू नये. आणि खेळणाऱ्यांनाच नंतर अर्ज करावासा वाटला, हा त्या अभिमानाचाच भाग आहे. वेस्ट पॉइंटचा वेल्च आणि आयोगापुढचा वेल्च ही दोन माणसे नव्हेत.

ऑलिंपिक समितीने १९८२ साली थॉर्पला सहविजेता म्हणून परत घेतले, आणि जुलै २०२२ मध्ये त्याला दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता जाहीर केले. थॉर्प १९५३ मध्येच गेला होता. पदके परत आली, आता विषय संपला, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. एका माणसाची नोंद दुरुस्त झाली, हे चांगलेच झाले. पण ज्या व्यवस्थेने त्याला एकटे पाडले तिच्याबद्दल त्या निर्णयात काही नाही. अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंना त्यांच्या खेळातून आलेल्या पैशातला वाटा थेट कॉलेजांकडून देण्याची मुभा देणारी तडजोड न्यायालयाने मंजूर केली ती जून २०२५ मध्ये. एवढा काळ एकच सबब चालली : खेळाडूने पैसा घेतला की खेळ विटाळतो, बाकी सगळ्यांनी घेतला तर चालतो. ही सबब जुनी असल्याचे दाखवणारा पहिला ठळक पुरावा कार्लाइलच्या त्या निधीच्या हिशेबात आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी कार्लाइलच्या त्या आवाराला राष्ट्रीय स्मारक घोषित केले; त्याआधी ऑक्टोबरमध्ये त्यांनी निवासी शाळांबद्दल सरकारच्या वतीने माफी मागितली होती. तो परिसर आजही सैन्याच्या ताब्यात आहे, तिथे आर्मी वॉर कॉलेज चालते, आणि थडग्यांतले अवशेष २०१७ पासून टप्प्याटप्प्याने त्या त्या जमातींकडे परत जात आहेत. अशा ठिकाणी फुटबॉलची गोष्ट कशी सांगावी हा प्रश्न येणारच, कारण लोक थॉर्पचे नाव ऐकून येतील. २७-६ हा फलक लावावाच. त्याच्या शेजारी चौदा सामन्यांचे पूर्ण वेळापत्रक तारखा आणि गावांसकट लावावे, म्हणजे वॉशिंग्टनहून टोरांटोला दोन दिवसांत नेलेली मुले दिसतील; फिलाडेल्फियाचा पराभवही दिसेल. त्याखाली तीस दिवसांच्या मुदतीचा नियम आणि पदके काढून घेतल्याची तारीख. आणि त्या सगळ्याच्या बरोबरीने विद्यार्थ्यांच्या अर्जाची हकीकत आणि गस वेल्चची साक्ष, त्याच्याच शब्दांत. ती साक्ष सरकारनेच नोंदवून छापलेली आहे. शोधायला कुठे जायला नको, भिंतीवर लावायची ठरवली तर आज लावता येईल.